आबांच्या गाडीची खोड

गाडीला काय झालंय ते एकदा कळू दे, मग ती जळून गेली तरी चालंल, इथवर अमरसिंह आला होता. हसू नका. असला दोष ज्याच्या वाट्याला आलाय त्यालाच ठाऊक. कायमची बंद पडलेली गाडी परवडली, पण मधेच बंद आणि मधेच चालू म्हणजे डोक्याला नुसता ताप.

गाडी त्याच्या वडलांची, हंबीररावांची, म्हणजे आबांची. चौऱ्याहत्तर सालची पांढरी अँबॅसिडर. आबांना विसरायचा आजार जडलेला. घरात ते अमरला ओळखायचे नाहीत, सून क्रांती त्यांना दवाखान्यातली बाई वाटायची. पण रविवारी त्यांना पुढं शेजारी बसवून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं, की कधीतरी मधेच खेकसायचे, "अमर, खालचा गिअर टाक की!" बास. तेवढ्या एका हाकेवर हा गडी अख्खा आठवडा काढायचा.

आणि नेमकी तीच गाडी वाटेत मरायला लागली. चालता चालता इंजिन गप्प. अमर उतरायचा, बॉनेट उघडून चार वायरी हलवायचा, परत येऊन किल्ली फिरवली की चालू! गेल्या रविवारी घाटाच्या वळणावरच बंद पडली आणि मागून उसाचा ट्रक. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. क्रांतीनं त्या दिवशी तोडून सांगितलं, "आता दोष सापडला तर ठीक, न्हायतर आबांना गाडीत बसवायचं न्हाय. मेल्यावर ओळखून काय करणार हायत तुम्हाला?"

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. म्हणून तर अमरची झोप उडाली.

शाहूपुरीतल्या ख्वाजाचाचाचा उभा जन्म जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेला. त्यानं कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, किल्लीचा स्विच नवा घातला. एकटा पन्हाळ्याला जाऊन आला, गाडी कुठं म्हणून अडली नाही. रविवारी अमर निघाला की पुन्हा तेच रडगाणं. शेवटी चाचानंही हात टेकले.

"चाचा, पाया पडतो तुमच्या. आज काय ते शोधाच," अमर म्हणाला.

"बंद पडल्याबिगर सापडायचं न्हाय, दादा. मी मागं बसून येतो."

चाचानं कॉइलपासून एक लांब वायर मागच्या सीटपर्यंत आणली आणि तिला छोटा बल्ब जोडला. कॉइलला करंट मिळतोय तोवर बल्ब पेटणार. गाडी मरताना बल्बही विझला, तर खोट किल्लीपासून कॉइलपर्यंतच्या वायरीत. सरळ हिशेब.

पूल ओलांडला, वडणगे मागं पडलं. आबा खिडकीबाहेर बघत बसलेले. अमरच्या मनात एकच घोकणं चाललेलं, बंद पड बाई, एकदाची बंद पड. आणि लगेच वाटायचं, त्याच्या आधी एकदा हाक मारू दे ह्यांना.

"आबा, मी कोण सांगा बघू?"

आबांनी मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाघबीळच्या अलीकडं इंजिन गपकन थांबलं.

"विझला! बल्ब विझला!" चाचा मागून ओरडला. "वायरीतच हाय!"

अमरनं गाडी कडेला घेतली आणि सवयीनं दाराला हात घातला.

"उतरू नगंस! हलू नगंस जागचा!" चाचा पुढं वाकला, रबरी मॅट उचलून किल्लीकडनं आलेली वायर चाचपत गेला. वायर पुढच्या लांब सीटखाली गेलेली, आणि तिथं आबांचा उजवा हात. चाचानं तो हळूच बाजूला केला. सीटच्या पट्टीला एक बारका स्विच बसवलेला होता.

"या अल्ला! चोरस्विच हाय, दादा. कुणी गाडी पळवली तर वाटेत बंद पाडायला पूर्वी असले बसवायचे. गॅरेजात गाडी कधी बंदच पडंना, मग सीटखाली कशाला बघतोय मी?"

अमरला हसूच फुटलं. महिनाभर टांगलेला जीव असा हलका झाला की विचारू नका. "आबा! तुमचं काम व्हय हे?"

आबांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. चाचाच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाले, "पावणं, ह्यो गडी कोण हाय ठावं न्हाय. माझी गाडी पळवाय लागलाय. बंद केली की उतरतोय. गेला म्हणून चालू करतो, तर परत येऊन बसतोय!"

अमरचं हसू विरलं. गाडी जिथं जिथं थांबली होती, तिथं तिथं तो आबांच्या लेखी चोर होता. किती वेळा थांबली होती, देवा!

चाचानं मान खाली घातली. "दोन मिनिटाचं काम हाय, दादा. स्विच काढतो, वायर सरळ जोडतो. परत बंद पडणार न्हाय."

जोड म्हणावं की नको, अमरला ठरवता येईना. तेवढ्यात आबांनी त्याची बाही धरली. डोळ्यांत पाणी होतं.

"गाडी नेऊ नगा हो. माझं पोरगं शाळंच्या फाटकात हुबं असंल. म्या गेलो न्हाय तर लई रडतंय ते."

"नाव काय पोराचं?" अमरनं विचारलं.

"अमर," आबा म्हणाले. जराही अडखळले नाहीत.

अमरनं किल्ली काढून त्यांच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटली.

"जावा लवकर," तो म्हणाला, "वाट बघत असंल त्यो." आणि दार उघडून खाली उतरला.