निळ्या फुलाचे चार आणे

विद्यापीठाच्या नामांतरावरून औरंगाबाद धुमसत होतं, ते दिवस. बंदमुळं भिकनचा कारखान्यातला रोज बुडू लागला, तशी त्याची बायको बानाबाई घरची बिस्किटं घेऊन चिकलठाण्याच्या बाजारात बसली. बिस्किटांवर तिनं साखरेची फुलं काढली होती, निम्मी तांबडी, निम्मी निळी. दुकानात तेवढेच दोन रंग मिळाले होते. एकाचे चार आणे सांगताना तिची जीभ अडखळत होती.

गावातले बडे जमीनदार आप्पासाहेब पुढ्यात थांबले.

"निळी फुलं कुणासाठी गं?"

"कुणासाठी नाय, आप्पासाहेब. रंगच तेवढा मिळाला."

"मग निळी दहा पैशाला काढ. नामांतरवाल्यांचा रंग तो, इथं कोण खातंय?"

सायकल धरून उभ्या असलेल्या एका कामगारानं ते ऐकलं. त्यानं रुपया पुढं केला. "ताई, मला निळंच द्या. एकाचा रुपया घ्या."

त्याची आणि आप्पासाहेबांची नजरानजर झाली. शेजारच्या भाजीवालीनं घाईघाईनं पाटी आवरायला घेतली. भाव उतरवला तर आप्पासाहेबांची बाजू, चढवला तर कामगाराची. बानाबाईनं निळं बिस्कीट दिलं आणि वर बारा आणे परत केले.

"तांबडं चार आणे, निळं बी चार आणे. मैदा एकच हाय, दादा."

कामगार क्षणभर घुटमळला, मग तिथंच उभ्यानं बिस्कीट खाऊ लागला. आप्पासाहेब निघून गेले.

भाजीवालीनं पाटी खाली ठेवली. "नातवाला एक दे की, वीस पैशाला."

"नाय परवडत, मावशी," बानाबाई म्हणाली. ही नुसती बाजारातली घासाघीस होती; तिला मोकळा श्वास घेता आला.