एका रकान्याचा तक्ता

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी ठीक अकरा वाजता, पाठ्यपुस्तक कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, शाखाप्रमुखांच्या खोलीत चौकशीस प्रारंभ झाला. चौकशी एका शब्दाची होती.

चौथीच्या पुस्तकातील पहिल्या धड्याचे पहिले वाक्य असे होते : ‘आपला देश जगातील सर्वश्रेष्ठ देश आहे.’ त्याच्या शेजारी, समासात, शिसपेन्सिलीच्या बारीक अक्षरांत कोणी लिहिले होते, ‘पुरावा?’

अक्षर शाखेतल्या तपासनीसकाकांचे होते, याविषयी दुमत नव्हते.

“काका, बसा ना,” शाखाप्रमुख म्हणाले. आठ वर्षे ते काकांच्याच हाताखाली शिकले होते.

“उभाच बरा आहे.”

“अहो, एवढंसं प्रकरण आहे. हातचूक झाली, असं लिहून द्यायचं. मी टाइप करूनच ठेवलंय. तुम्ही फक्त खाली कोंबडा काढा, की सुटलो सगळे.”

खिडकीशी एक गृहस्थ बसले होते. ‘वरच्या कार्यालयातले साहेब’ एवढीच त्यांची ओळख करून देण्यात आली होती. ते चष्मा पुसत होते, आणि तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

काकांनी कागद वाचला. तो जवळजवळ खरा होता, हीच अडचण होती. नदीची लांबी असो की बेडकाच्या पायाची बोटे, छापले जाणारे प्रत्येक विधान कशाच्या आधारे केले ते समासात नोंदवायचे, आणि आधार नसेल तर तो एक शब्द लिहून पान परत धाडायचे, हा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी बेडकाचा धडा आटोपून त्यांनी पहिला धडा पुढे ओढला, तेव्हा पेन्सिल आपल्या वाटेने चालत होती. पण म्हणून हात चुकला होता काय? हाताने नेहमीचेच काम केले होते.

आणि असल्या कामाचे काय होते, हे साऱ्या शाखेला ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वी नकाशेवाल्याने सरहद्दीची एक रेघ जुन्या पाहणीबरहुकूम काढली होती. त्याचा कोट अजून त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो कुठे आहे, हे कोणी विचारीत नसे. शिपाई रोज सकाळी कोट झटकी आणि पुन्हा तिथेच ठेवी.

रविवारी घरी हाच विषय निघाला होता.

“सही करा नि मोकळे व्हा,” बायको म्हणाली. “देशाचं काय तुमच्या एका शब्दावाचून अडलंय?”

“मला कुठे देशाला खोटं पाडायचंय? पुरावा शोधतो, समासात लिहितो. मिटलं.”

“नाही मिळाला तर?”

“आपलाच देश आहे. मिळेल.”

“मला होकार दिलात तेव्हा कुठला पुरावा शोधला होता हो?”

“तुझ्या थोरल्या भावाला विचारलं होतं.”

“आणि तो खरं बोलला असं वाटलं तुम्हाला!” ती हसली, पण हसता हसताच तिने दाराची कडी नीट लागली आहे की नाही, ते पाहिले.

सोमवारी काका संदर्भखोलीत गेले. जगातील सर्व देशांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडणाऱ्या वार्षिकींचे नऊ खंड तिथे होते. आयुर्मान, बालमृत्यू, शाळा, पिण्याचे पाणी. काकांनी पेन्सिल तासली आणि पहिला खंड उघडला. खरे सांगायचे तर ते उत्सुक होते. पुरावा न मागता आजवर त्यांनी मानलेले हेच बहुधा एकमेव वाक्य असावे.

तक्त्यात आपल्या देशाचा रकाना होता. त्याच्या उजवीकडे कागदच नव्हता. पट्टी लावून, पात्याने, सरळ रेषेत बाकीचे रकाने कापून नेले होते, आणि त्या चौकोनी भोकातून मागच्या पानावरची अक्षरे दिसत होती. काकांनी दुसरा खंड काढला, तिसरा काढला, नऊही काढले. त्याआधीच्या खंडांची फळी रिकामी होती.

प्रत्येक तक्त्यात देश पहिला होता. शेवटचाही तोच होता.

काकांनी आठ खंड परत लावले आणि पहिला काखेत मारला. ज्याला आपल्या मोठेपणाची खात्री आहे, तो हातात पाते कशाला घेईल?

आता त्यांनी काखेतला खंड शाखाप्रमुखांच्या टेबलावर उघडून ठेवला.

“सही करतो. पण हातचूक म्हणून नाही. वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, खरं असेलही. पण ते तपासायची सोय कुणीतरी कापून नेलीय. एवढं लिहा, त्याखाली सही करतो.”

शाखाप्रमुखांनी त्या भोकाकडे पाहिले आणि ते एकदम दुसरीकडेच पाहू लागले.

खिडकीशी बसलेल्या साहेबांनी चष्मा चढवला. “हा खंड कुणी दाखवला तुम्हाला?”

“कुणी नाही. फळीवर होता.”

“कुणाला बोललात याबद्दल?”

काकांच्या ध्यानात आले ते या क्षणी. समासातल्या शब्दाला आता काडीची किंमत उरली नव्हती. काल संध्याकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला सगळे सांगितले होते, अगदी पट्टी लावून कापल्याच्या तपशिलासकट.

“कुणालाही नाही,” काका म्हणाले. एकतीस वर्षांत जाणूनबुजून केलेले त्यांचे हे पहिले खोटे विधान होते, आणि ते करताना त्यांचा आवाज जराही कापला नाही.

साहेब शाखाप्रमुखांकडे वळले. “तुमची शाखा आहे. निर्णय तुम्ही द्या.”

शाखाप्रमुखांनी खंड मिटला. खोडरबर घेऊन धड्याच्या समासातला शब्द सावकाश पुसला; काका पुसत तसाच, कागद दुसऱ्या हाताने ताणून धरून, म्हणजे पान चुरगळत नाही. चुरा फुंकून टाकला. मग मान वर न करता ते म्हणाले,

“वाक्य बरोबर आहे. काका चूक आहेत.”