सदर लेखिकेस कळविण्यात येते की

पासलीच्या सावळारामांचं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांना अडुसष्टावं लागलं होतं. अक्षरओळख झाली त्याला सतरा वर्षं. साक्षरतेचा वर्ग शाळेच्या पडवीत भरायचा, तिथं ते गावातल्याच सगुणाबाईंच्या शेजारी पाटी घेऊन बसले होते. सगुणाबाई चौथ्या दिवशी उठल्या. म्हणाल्या, "माज्या म्हशीला वाचता येत न्हाई, तिचं काय आडलंय? मलाबी नको." सावळाराम बसून राहिले. बसण्याची त्यांना सवय होती. तरणेपणी घाट उतरून कोकणातून मीठ आणायचे, त्यात निम्मा वेळ चालण्यात जायचा आणि निम्मा ओझं टेकवून बसण्यात.

पुस्तक त्या वाटेचंच होतं. पहिली चाळीस पानं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली, दीड वर्ष लागलं. मग अंगठा सुजला, डोळेही पुढं पुढं पाणावायला लागले. उरलेलं त्यांनी अल्लाउद्दीनभाईंना तोंडी सांगितलं.

अल्लाउद्दीनभाई भोरच्या कचेरीसमोर तीस वर्षं अर्ज लिहून देत आलेले. वारसनोंद, रेशनकार्ड, बांधाची तक्रार, काहीही असो, तालुक्यातले लोक त्यांच्याकडंच यायचे. आता त्यांनी तिथल्याच आपल्या टपरीवजा दुकानात कॉम्प्युटर घेतला होता. माणूस मोठ्या मनाचा. चार महिने सावळारामांचं ऐकून ऐकून लिहिलं आणि चहासुद्धा स्वतःच पाजला. फक्त त्यांच्या हातून साधा निरोपही अर्ज होऊनच बाहेर पडायचा.

पुस्तकाचं कौतुक झालं. गावात नारळ मिळाला, शाल मिळाली. "वाचलं का?" असं विचारलं की लोक म्हणत, "वाचायला घेतलंय, आबा." वर्ष झालं तरी सगळ्यांनी वाचायलाच घेतलेलं होतं. सावळारामांनी मग विचारायचं सोडून दिलं.

आणि एक दिवस भोरहून निरोप आला, लगेच या. वेल्ह्याहून एसटीनं नसरापूर, तिथून दुसरी गाडी धरून भोर. पोचेपर्यंत दुपार झाली.

"बसा आबा," अल्लाउद्दीनभाई पडदा त्यांच्याकडं वळवत म्हणाले. "तुमच्या पुस्तकावर कुणी लिवलंय, बघा. ब्लॉग म्हनत्यात याला. कुनीबी लिवावं, जगात कुठंबी वाचावं. खाली चौकट आसती, तिथं आपलं म्हननं टाकायचं."

लिहिणारी शाहिस्ता म्हणून कोणी होती, राहणार नसरापूर. वाचलेल्या पुस्तकांवर ती लिहायची. सावळारामांनी काचेवर बोट ठेवून एकेक शब्द लावला.

"पहिली चाळीस पानं मी घाट चढत होते. मिठाचं ओझं माझ्याच खांद्याला रुतत होतं. एक्केचाळिसाव्या पानावर कुणी तरी मला उचलून कचेरीतल्या बाकावर बसवलं. इथं बोलणारा माणूस दुसराच आहे. पहिला कुठं गेला? तो थकला असेल तर त्यानं थांबावं. आम्ही वाट बघू."

सावळारामांनी ते दोनदा वाचलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी तरी त्यांचा आवाज ओळखला होता. तो थांबला कुठं, तेही ओळखलं होतं. बरं वाटलं आणि चोरी पकडल्यासारखंही वाटलं.

अल्लाउद्दीनभाईंचा चेहरा मात्र उतरला होता. "आबा, ह्याला उत्तर दिलंच पायजे. गप बसलं म्हंजी कबूल."

"आवं पन ती म्हनती ते..." सावळारामांनी वाक्य अर्ध्यावरच गिळलं. चार महिने फुकट राबलेल्या माणसाच्या तोंडावर काय म्हणायचं? "लिवा," ते म्हणाले. "लिवा, की तुमी मन लावून वाचलं, लई आभारी हाय. पुढचं म्या निस्तं सांगितलं, लिवलं दुसऱ्यानं, हे तुमी बराबर वळखलं."

अल्लाउद्दीनभाई बराच वेळ कीबोर्ड बडवत बसले. एवढुशा निरोपाला एवढा वेळ? सावळारामांच्या मनात आलं.

"वाचून दावू?"

गाडीची वेळ होत आली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल," सावळाराम म्हणाले. खरं तर त्यांना स्वतः वाचायचं होतं. पण बोट लावून वाचायला अर्धा तास लागला असता आणि बाकावर तीन माणसं दाखल्यांसाठी खोळंबली होती. त्यांच्यादेखत बोट लावायची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा भोरला गेले ते तिचा लेख परत एकदा वाचायला. दुसरं काही कामच नव्हतं. लेख नव्हता. तिथं एकच ओळ होती, 'हा लेख काढून टाकला आहे,' आणि खाली ती चौकट, रिकामी.

"दनका बसला बगा," अल्लाउद्दीनभाई खुशीत म्हणाले.

"कसला दनका? काय लिवलं हुतं तुमी?"

अल्लाउद्दीनभाईंनी जपून ठेवलेली प्रत काढली आणि खणखणीत आवाजात वाचली. "सदर लेखिकेस कळविण्यात येते की, आपण प्रसिद्ध केलेल्या मजकुरामुळे खाली सही करणार यांचे नावलौकिकास बाधा पोहोचली असून, त्याबाबतचा लेखी खुलासा सात दिवसांचे आत करावा. तसे न केल्यास पुढील कायदेशीर कारवाईस व होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल. पुस्तक वाचल्याबद्दल आभार. कळावे."

सावळाराम बाकावर टेकले.

"आभार लिवल्यात की शेवटी," अल्लाउद्दीनभाई म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आवं, आसं लिवल्याबिगर कागद पुढं सरकत न्हाई आबा. तीस वर्सं हेच लिवतोय. कुनी आजवर भ्यालं न्हाई."

"ती भ्याली."

अल्लाउद्दीनभाईंनी प्रत घडी घालून खणात ठेवली. मग म्हणाले, "नसरापूरचीच हाय. रियाज म्हनून हायवेच्या कडंला जीपगाड्यांची सीटकव्हरं शिवतो, त्येची पोरगी. जाता जाता उतरा, च्या घ्या, मिटवून टाका."

हे सावळारामांना पटलं. जन्मभर भांडणं अशीच मिटवलेली. चूक आपली असली की आपण दुसऱ्याच्या उंबऱ्याला जायचं, खाली बसायचं, पाणी मागायचं. पाणी दिलं की निम्मं मिटलं.

रियाज मशीनवर रेक्झिन शिवत होता. चाळिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा. त्यानं स्टूल पुढं केलं. "बोला काका, कुठली गाडी?"

"गाडी न्हाई. म्या पासलीचा सावळाराम. ते पुस्तक..."

रियाजचा पाय मशीनवरून खाली आला. त्यानं दुकानामागच्या दाराकडं एकदा बघितलं, उठून ते ओढून घेतलं आणि मग समोरच्या हॉटेलाला हात करून एक चहा सांगितला.

"शाहिस्ता चार दिस जेवली न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तिच्या आईला वाटलं, पोलीस येत्याल. वकिलाला इचारून आलो. सात दिस मोजत बसलो हुतो आमी, काका."

"ती नोटीस म्या... लिवनाऱ्यानं त्येच्या सवयीनं लिवली. माजी चूक हाय. मला तिला भेटून सांगायचंय. पाया पडतो तिच्या, नातीवानी हाय."

"न्हाई," रियाज म्हणाला.

"दोन मिंटं."

"काका, तुमी वडीलधारं. तुमाला उलटं बोलनं शोभत न्हाई मला. पन तिनं तुमच्या पुस्तकावर लिवलं, तुमच्या घरावर न्हाई. तुमी बी तिथंच बोलायचं, हितं न्हाई. लेखक वाचनाराच्या दारात येऊन उबा ऱ्हायला, तर ती उद्या दुसऱ्या पुस्तकावर खरं कशी लिवंल? चांगलंच लिवंल. भ्यालेलं मानूस चांगलंच लिवतं."

"आमच्याकडं माफी मागायला दारातच जात्यात."

"पाया पडनाराबी दार आडवूनच उबा असतो, काका."

चहा आला. सावळारामांनी तो पुरता प्यायला, कारण टाकून उठणं बरं दिसलं नसतं. दाराआड कुणी तरी होतं. बांगड्या एकदा वाजल्या आणि लगेच कुणी तरी त्या धरल्या. ते उठले, रियाजला नमस्कार केला आणि फाट्यापर्यंत पायी गेले. एवढी चढण नसतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी ते पुन्हा भोरला आले. "मला त्या चौकटीत लिवायचंय. माझ्या हातानं."

अल्लाउद्दीनभाईंनी खुर्ची सोडली आणि पाठ फिरवून उभे राहिले. सावळाराम एका बोटानं अक्षर शोधायचे, दाबायचे, वर बघायचे, चुकलं की पुसायचे. दाखलेवाली माणसं बाकावर जमली. आज त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. दोन तासांनी एवढं झालं:

"शाहिस्ताबाई, ती नोटीस मी वाचली नव्हती. पन नाव माझं व्हतं म्हनून चूक माझी. तुम्हाला तरास झाला. दारात आलो तेबी चुकलं. तुम्ही लिवलं ते खरं आहे. मी दमलो व्हतो, थांबायला पायजे व्हतं. लेख परत लावा किंवा नका लावू. सावळाराम."

"शुद्धलेखन तरी बघू का?" पाठमोरेच अल्लाउद्दीनभाई म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या."

"आन् म्या चार म्हैने लिवलं, त्येचं काय? त्ये सगळं खोटं?"

सावळारामांनी चष्मा काढला. "तुमी नसता तर पुस्तक चाळीस पानावरच मेलं आसतं. तेबी खरं हाय आन् तिचंबी खरं हाय. म्या काय करू, भाई? मला दोनी बाजूंनी भांडायचं तरान न्हाई."

अल्लाउद्दीनभाईंनी चहा सांगितला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच.

उत्तर यायला महिना लागला. लेख परत लागला होता, शब्दही न बदलता. सावळारामांच्या ओळी खाली तशाच होत्या आणि त्याखाली तिनं लिहिलं होतं, "आपलं म्हणणं पोचलं. लेख परत लावला आहे. एक विनंती. यापुढं माझ्या कुठल्याही लेखाखाली आपण उत्तर देऊ नये. लेखक बसलेला असला की बाकीचे मोकळं बोलत नाहीत. मलाही पुन्हा धीर व्हायला वेळ लागेल."

आता तिथं बाकीचे बोलायला लागलेच होते. पुण्याच्या कुणा गृहस्थानं लिहिलं होतं, "मणभर मीठ पाठीवर घेऊन घाट चढणं शक्यच नाही. म्हाताऱ्यानं ऐकीव गप्पा छापल्या आहेत."

अल्लाउद्दीनभाई मागून वाकून वाचत होते. एवढ्या दिवसांचा राग क्षणात कुठल्या कुठं गेला. "आयला! तुमाला खोटं म्हनतो ह्यो? सरका आबा, दोनच वळी टाकतो. साध्या. कायद्याचं कायबी न्हाई."

सावळारामांच्या ओठांवर सगळं आलं होतं. कुठल्या दगडावर ओझं टेकायचं, पाणी कुठं लागायचं, बरोबरचा चिमाजी कुठल्या वळणावर पडला आणि परत उठला नाही. ते त्यांनी लिहिलं होतं, पानं सत्तावन्न आणि अठ्ठावन्न. पण ती कचेरीतल्या बाकावरची पानं होती. गृहस्थाला खोटी वाटली, त्यात त्याचा तरी काय दोष?

"नको," ते म्हणाले.

"आवं, तीबी कायच बोलली न्हाई त्याला! लेख तिचा, मग तिनं नगं का बोलाय?"

"तिची मर्जी. घर तिचं हाय."

गुडघ्यावर हात देऊन सावळाराम उठले. त्या गृहस्थाची ओळ तशीच राहिली. तिच्याखाली पुढं कुणी काही लिहिलं नाही.