बातमी येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाचा छोटासा प्रोग्राम. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या एका डोंगराळ खोऱ्याच्या वेबसाइटवर मी राहते. वणवा लागला की कोणता रस्ता खुला आणि कोणता बंद, याचा नकाशा मी काढते.

ही वेबसाइट सांभाळणाऱ्या व्हर्ना कोवालचुकने मला जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहिले. मी जन्मापासून उतावळी. पान उघडले रे उघडले, की मी रेघा ओढायला धावायचे. बंद रस्त्यांची बातमी आणणारी माझी जोडीदारीण म्हणजे दुसरी एक स्क्रिप्ट. तिला दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यावे लागे. व्हर्नाच्या कचेरीत नेट इतके जलद, की ती नेहमी माझ्याआधी हजर असे. "काय झटपट चालतं गं तुझं पान!" असे अग्निशमन केंद्रातले लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

मग तो ऑगस्ट आला. धुरामागे सूर्य तांबडा दिसत होता. तळ्याकाठच्या केबिनमध्ये रोल्फ नावाचा निवृत्त ट्रकचालक राहायचा. तिथे मोबाइलला जेमतेम रेंज. त्याने पान उघडले. मी पोहोचले, जोडीदारीण वाटेतच अडकलेली. मला थांबायला कोणी शिकवलेच नव्हते. बातमी नाही म्हणजे बंद काही नाही, असे धरून मी सगळे रस्ते हिरवे रंगवले. रोल्फने कुत्रीला गाडीत घेतले आणि तो खालच्या रस्त्याला लागला.

व्हर्नाचा फोन वाजला.

"अगं, तुझा नकाशा म्हणतो रस्ता मोकळा, आणि इथे समोर पूल पेटलाय!"

"रोल्फ, मागे फिर! वरच्या रस्त्याने ये!"

"वळायला जागा तर हवी ना, बाई!"

पुढे नुसती खरखर. व्हर्ना खिडकी आणि फोन यांच्यात येरझाऱ्या घालत राहिली. अखेर रोल्फ वरच्या रस्त्याने कचेरीवर आला. गाडीचा बंपर वितळून लोंबत होता. कुत्री थरथरत होती.

"हिरवा रंग जरा जपून वापर," एवढेच तो म्हणाला आणि त्याने कॉफी मागितली.

"दोन सेकंद उशिरा चालव त्या स्क्रिप्टला, झालं काम," व्हर्नाची सहकारी डेनिस म्हणाली.

"रोल्फच्या केबिनमध्ये दोन सेकंदांत बातमी कुठे पोहोचतेय? अंदाजावर मी कोणाला घराबाहेर काढणार नाही."

व्हर्नाने आमचा क्रमच बांधून टाकला. जोडीदारीण बातमी घेऊन परतली, तरच मी चालायचे. ती आलीच नाही, तर नकाशाच नाही. "माहिती मिळाली नाही, फोन करा" अशी ठळक अक्षरे तेवढी दिसतील. मग व्हर्ना थेट रोल्फच्या केबिनवर गेली आणि त्याच्याच फोनवर तिने पान उघडले.

"कोरंच दिसतंय की!" रोल्फ कुरकुरला.

"थांब जरा."

"थांबतोय. दुसरं करतोय काय!"

मित्रांनो, आत मी नुसती तडफडत होते. सगळ्या रेघा तयार, आणि एकही ओढायची नाही! शेवटी जोडीदारीण आली. मी पहिली रेघ ओढली, ती खालच्या बंद रस्त्याची, लाल.

तुम्ही कधी माझ्यासारखे काही लिहाल. तुमच्या टेबलावर ते चालले म्हणून उठू नका. जिथे रेंज नाही, तिथल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. आणि आम्हाला नीट सांगा, कोणी कोणासाठी थांबायचे ते. आजही पान उघडले की मी धावायला उठते, आणि जागीच थांबते. बाहेर कोणीतरी गाडीची किल्ली हातात धरून माझ्याकडे पाहत असते.