दोनदा दुमडलेली पात

माझे सात नियम होते. अजूनही वहीत आहेत, पण ती वही मी आता उघडत नाही.

ऑकलंडच्या एका मोठ्या लाँड्रीत मी एकवीस वर्षं काढली. आधी हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घातल्या आणि शेवटची नऊ वर्षं घड्या घालणाऱ्या बायकांवर मुकादमकी केली. नवरा दुसरीकडे राहायला गेला त्या वर्षी माझं काही खरं राहिलं नव्हतं. सकाळी ओतलेला चहा संध्याकाळी तसाच सापडायचा. एका रविवारी चर्चमधून आले, टेबलाशी बसले आणि कसं जगायचं ते सरळ लिहून काढलं. हातात आहे तेच मनात ठेव. चूक दिसली की तिथेच उसव, उद्यावर टाकू नकोस. कारणं सांगत बसू नकोस, काम दाखव. असे सात. त्या सातांनी मला उभं केलं, हे खोटं नाही. त्यांना आज मी शिव्या देत बसणार नाही. शिव्या द्यायच्याच तर मला द्यायला हव्यात.

आईची नजर गेली असं भावाने, पेनीने, कळवलं तेव्हा मी नोकरी सोडून बेटावरच्या आमच्या गावी परत आले. गावच्या महिला मंडळाने महिन्याभरात विणकामाचं घर माझ्या ताब्यात दिलं. बाहेरून आलेल्या बाईला शिस्त असते, असा आमच्या गावाचा समज आहे. मीही तो खोटा पडू दिला नाही. सातही नियम पुठ्ठ्यावर लिहून खांबाला लावले.

"फुआतिनो, आठवा नियम राहिला गं," माझी चुलत बहीण सिनिरा पहिल्याच दिवशी म्हणाली. "हसणाऱ्या बाईला उपाशी ठेवावं."

बायका खदाखदा हसल्या. मी हसले नाही. तेव्हा मला ते जमत नव्हतं.

वडील गेल्यापासून आमच्या घराण्याचं मताईपद, म्हणजे प्रमुखाचं पद आणि त्याबरोबरचं नाव, रिकामं होतं. ते आता पेनीला मिळणार होतं, आणि त्या दिवशी पाहुण्या घराण्याला द्यायला मानाची चटई हवी होती. ही चटई पाय पुसायची नव्हे. केवड्याच्या पातीच्या काडीएवढ्या पट्ट्या, त्यांचं कापडासारखं मऊ विणकाम आणि काठाला लाल पिसं. अशी चटई एका घराकडून दुसऱ्या घराला दिली जाते, तिथून तिसऱ्या, आणि विणणारी मेल्यावरही फिरत राहते. आठ बायकांना कित्येक महिन्यांचं काम.

आईने ऐकलं आणि म्हणाली, "माझा हात हवा त्यात."

"आई, तुला दिसत नाही."

"नवऱ्याचं नाव मुलाला लागणार आणि मी बाजूला बसून माश्या मारू? मरण्याआधी एवढं एकच मागतेय पोरी. कोपरा दे मला."

मी तिला माझ्या शेजारचा डावा कोपरा दिला. ती रोज सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून यायची, मांडी घालून बसायची आणि दिवसभरात दोन बोटं विणायची. तिच्या हातावरून कधीकाळी गावातल्या निम्म्या बायका शिकल्या होत्या. आता मात्र तिची एखादी पट्टी चुकायची, एखादी ओळ सैल पडायची. संध्याकाळी बायका घरी गेल्या, आई पडायला गेली, की मी तो कोपरा बोटाने तपासायचे. चूक दिसली की तिथेच उसव. मग गावाला सांजप्रार्थनेला बोलावणारा शंख वाजायच्या आत मी तिचा दिवस उसवायचे आणि माझ्या हाताने घट्ट विणून टाकायचे.

"माझं आज किती झालं गं?" ती जेवताना विचारायची.

"दोन बोटं."

ते खोटं नव्हतं. झालेलं असायचंच दोन बोटं, फक्त ते उरलेलं नसायचं. आपण खोटं बोलत नाही याचा तेव्हा मला अभिमानही होता, काय सांगू!

सिनिराने एकदा मला उसवताना पाहिलं. दारातच उभी राहिली.

"आईचं काढतेस?"

"सैल आहे. पाहुण्यांसमोर चटई उघडतील तेव्हा काय दिसेल?"

"म्हातारीचं दिसेल. त्यात काय आभाळ कोसळणार आहे? अति तिथं माती, फुआ."

"कारणं सांगत बसायची मला सवय नाही," मी म्हणाले. ती नाक मुरडून गेली. पण आईला तिने काही सांगितलं नाही. आमच्यात कुणी कुणाच्या आईला असलं सांगत नाही.

नऊ आठवडे असं चाललं. दहाव्या आठवड्यात आई म्हणाली, डोळे दुखतात, उद्यापासून येत नाही. मी बरं म्हटलं. तिच्या जागी सिनिराला बसवलं आणि काम भराभर उरकलं.

चटई अशी उतरली की मंडळाच्या बायकांना बोट ठेवायला जागा सापडली नाही. समारंभाच्या दिवशी दोघी जणींनी ती उघडून सगळ्यांसमोरून फिरवली, तेव्हा पाहुण्यांकडच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा मोठमोठ्याने वाहवा केली. पेनी कमरेला वडिलांची जुनी चटई गुंडाळून ताठ बसला होता. माझी मान वर होती. आईसमोर चटई आली तेव्हा तिने हात पुढे केला, आणि नेणाऱ्या दोघी थांबल्या. तिने काठ धरला. बोटं डावीकडे गेली, कोपऱ्याशी पोचली, तिथून थोडी पुढे सरकली आणि थांबली. पुन्हा मागे आली. गर्दी गप्प झाली होती, आई आशीर्वाद देतेय असं वाटून.

"छान झालीय," ती म्हणाली आणि तिने काठ सोडला. चटई पाहुण्यांच्या प्रवक्त्याच्या पुढ्यात ठेवली गेली. दुपारी ती त्यांच्याबरोबर बोटीने पलीकडच्या बेटावर गेली. दिलेली चटई परत मागता येत नाही.

तिसऱ्या दिवशी, उरलेलं मांस वाटून झालं, भांडी घासून झाली, तेव्हा आई आडवी झाली होती आणि मी तिला वारा घालत होते.

"फुआ, डावा कोपरा मऊ लागला गं," ती म्हणाली.

"चांगलंच की. मऊपणाचंच तर कौतुक असतं."

"तो मऊपणा वेगळा. हा दोनदा दुमडलेल्या पातीचा." ती छताकडे तोंड करून, अगदी सहज बोलत होती. "केवड्याची पात एकदा दुमडली की तिची घडी ठरते. उसवून परत दुमडली की त्या घडीवर तिचा जीव जातो. दिसायला सुंदर दिसते, पण आधी तिथेच तुटते. माझ्या आईने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. चुकलं तर पुढच्या ओळीत सावरून घे, मागे जाऊ नकोस. तुला ते शिकवायच्या आधीच तू गेलीस. चादरींच्या घड्या घातल्यास तू. चादर शंभरदा मोडली तरी चादरच राहते."

माझा हात थांबला होता. वारा घाल, असं ती म्हणाली नाही.

"मला सांगायचं नाही का?"

"तू सगळ्यांना शिकवत होतीस. शिकवणाऱ्याला कोण सांगणार? तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. आदल्या दिवशीचं माझं मला सापडेना, तुझं सापडलं."

नऊ आठवडे ही बाई रोज सकाळी येऊन, संध्याकाळी उसवलं जाणार हे ठाऊक असताना, ती दोन बोटं विणत होती. मी विचारलं, "मग येत का राहिलीस?"

"एकवीस वर्षं तू तिकडे होतीस. इथे दिवसभर शेजारी बसायला मिळत होतं. बोलायची नाहीस तू, कामात असायचीस. पण कोपर लागायचं."

"आई…"

"रडू नकोस. चटई काय, गेली ती."

"मग आली कशी नाहीस नंतर? डोळे दुखले म्हणून?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय. दिसतच नाही तर दुखणार कुठून?" ती हसली. "त्या दिवशी पाणी देताना तुझी बोटं माझ्या हाताला लागली. सुजली होती. म्हटलं, हिला माझ्यापायी रोज दुप्पट विणावं लागतंय. म्हणून थांबले."

मी पुन्हा वारा घालायला लागले. थोड्या वेळाने ती झोपली.

त्यानंतर ती चार महिने होती. त्या चार महिन्यांत मी रोज तिच्या शेजारी बसले, रिकाम्या हातांनी. तिला ज्या ज्या गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या त्या सगळ्या सांगितल्या, नवऱ्याच्यासुद्धा. एक मात्र सांगितली नाही. ती विणायला आली नाही त्या पहिल्या सकाळी, तिची जागा रिकामी पाहून, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.