गंजासाठीची जाडी

धाकटीने विमानांचं काम सोडून तेल कंपनीत नोकरी धरली, तेव्हा थोरलीने तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि मनातून जळून खाक झाली. नऊ वर्षं दोघी एकाच खोलीत बसून पंखांच्या भागांचं वजन ग्रॅमग्रॅमने उतरवत होत्या. त्याच तेल कंपनीत थोरलीनेही गुपचूप अर्ज केला होता, तीन महिने पाइपांची पुस्तकं घोकली होती. तिला साधं बोलावणंही आलं नव्हतं.

आज धाकटीने तिचं पहिलंच पाइपचं गणित पाठवलं. "ताई, नजर टाक ना. दोन वाजता साहेबांना दाखवायचंय."

थोरलीला चूक लगेच दिसली. जुन्या सवयीने धाकटीने पाइपची जाडी दाबापुरतीच ठेवली होती. पाइप वर्षानुवर्षं आतून गंजतो, त्यासाठीची वाढीव जाडी तिने धरलीच नव्हती. आपण गप्प बसलो, तर बाईसाहेबांची चांगलीच फजिती होणार, या विचाराने थोरलीला गुदगुल्या झाल्या. सांगितलं, तर आपलंच बिंग फुटणार होतं.

पावणेदोनला तिने फोन लावला. "गंजासाठी तीन मिलिमीटर वाढव, शहाणे. विमान नाहीये ते."

"अगं बाई! पण ताई, तुला गं हे कसं माहीत?"

"मीही अर्ज केला होता तिथे. तुझ्या आधी. आता हसू नकोस."