चौदा हजार फुटांवरचा दात

कप्तानानं अठरा वर्षांत हजारो माणसं आभाळात नेली होती, पण परत एकालाही आणलं नव्हतं. त्याचं काम तेवढंच. उडीवाल्यांना वर न्यायचं, मागचं दार उघडून द्यायचं आणि रिकामं विमान घेऊन खाली यायचं. लोकांना हे कसं समजावावं, या विचारानं त्याच्या आईनं शेजारणींना मुलगा टपालखात्यात असल्याचं सांगून टाकलं होतं.

त्या रविवारी चार विमानांतून ऐंशी माणसं उड्या मारणार होती. हवेत एकमेकांची मनगटं धरून त्यांना एक भलंमोठं फूल करायचं होतं. चारही विमानांनी शेजारीशेजारी, एका वेगानं उडायचं आणि हिरवा दिवा लागला की सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचं. सूत्रं होती कवायतीच्या निवृत्त मास्तरीणबाईंकडे. महिनाभर त्यांनी शेडच्या फरशीवर ऐंशी जणांकडून हे फूल चालत चालत घोटून घेतलं होतं.

कप्तानाच्या विमानात वीस जण होते. त्यांत एक दातांचे डॉक्टर आणि एक नळदुरुस्तीवाला. दोघे साडू, पण दोन वर्षं बोलणं बंद. डॉक्टरांनी आपला भलताच दात उपटला, असं नळवाल्याचं म्हणणं, आणि डॉक्टर काही कबूल करेनात. बाईंनी वजनाप्रमाणे जागा नेमल्या, तर नेमके हेच दोघे शेजारी आले. सरावात दोघं मनगटाऐवजी एकाच रुमालाची दोन टोकं धरून चालले.

चौदा हजार फुटांवर हिरवा दिवा लागला. रांगेत सगळ्यांत पुढे असलेला नळवाला उघड्या दारात चक्क मांडी घालून बसला.

"आधी चूक कबूल करा, डॉक्टर! नाहीतर मी मनगट देणार नाही!"

"दात तोच होता!" डॉक्टर वाऱ्यावर ओरडले.

भांडण नीट ऐकू यावं म्हणून उरलेले अठराही जण शेपटाकडे सरकले. विमानाचं नाक वर जाऊ लागलं. कप्तान सुकाणूच्या दांड्यावर ओणवा पडला. "पुढे सरका! पुढे मोकळं आहे!" तो बस कंडक्टरसारखा ओरडला. "सगळे मागे गेलात तर विमान उताणं पडेल!"

तेवढ्यात पहिल्या विमानातून बाईंचा आवाज आला. "दोन नंबर, तुमची माणसं का पडत नाहीत? बाकीचे साठ जण दारात खोळंबलेत!"

"भांडण चाललंय, बाई."

"कशावरून?"

"दातावरून."

"वरचा की खालचा?"

"खालची दाढ."

"डॉक्टर कुठले?" तिसऱ्या विमानाच्या पायलटनं मध्येच तोंड घातलं. "माझ्या मेव्हणीलाही एक दाखवायचीय."

कप्तानानं दोन्ही साडूंना आपल्याजवळ बोलावलं. त्यांच्यामागून अठरा जणही आले, आणि आता विमानाचं नाक खाली गेलं. एका हातानं दांडा ओढत कप्तानानं दुसऱ्या हातानं टॉर्च पुढे केला. "बघा एकदाचं आणि मिटवा!"

"आ करा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "अहो... किडकी तर अजून इथंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी शेजारची काढली. चुकलंच माझं."

नळवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघांनी एकमेकांना मिठी मारायचा प्रयत्न केला, पण पाठीवरच्या पॅराशूटांमुळे हात पुरेनात.

एवढ्यात खाली ढग दाटून आले. लाल दिवा लागला. बाईंनी चारही विमानांना परत फिरायला सांगितलं.

"परत?" चारशे उड्या मारलेला एक जण पांढराफटक पडला. "विमानासकट?"

"मग काय करू, ढगात सोडू?" कप्तान म्हणाला. बोलला खरा, पण त्यालाही घाम फुटला होता. भरलेलं विमान उतरवायची सवय त्याची कधीच मोडली होती.

जमीन जवळ येऊ लागली तशी मागे कुणीतरी शेजाऱ्याचं मनगट धरलं, त्यानं पुढच्याचं. चाकं दोनदा आपटून विमान थांबलं तेव्हा विमानाच्या फरशीवर वीस जणांचं बिनचूक पाव फूल झालेलं होतं. कुणी सोडायला तयार नव्हतं. शेवटी बाई स्वतः विमानात चढल्या आणि शिट्टी वाजवून ओरडल्या, "विश्राम!"

तेव्हा कुठे हात सुटले.

शनिवारी डॉक्टरांनी ती किडकी दाढ काढली. या खेपेला विमानातले सगळे साक्षीला उभे होते. कप्तानानं टॉर्च धरला. "हीच ना?" डॉक्टरांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. ऐंशी जणांचं फूल सात सेकंद टिकलं. नळवाल्याचा सुजलेला गाल हेल्मेटात मावत नव्हता, पण साडूचं मनगट त्यानं असं काही आवळून धरलं होतं की डॉक्टरांना सोमवारी दवाखाना बंद ठेवावा लागला.